न विचारलेला दोष

१८७२ च्या भारतीय करार कायद्यात एक घोडा आहे. कलम १७, फसवणुकीची व्याख्या. 'अ' लिलावात 'ब'ला घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे 'अ'ला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पुढच्याच उदाहरणात 'ब' ही 'अ'ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. तिथे मात्र सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते. तिसऱ्या उदाहरणात 'ब' म्हणतो, तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा धडधाकट आहे असे मी धरून चालेन. 'अ' गप्प राहतो. तिथे ते गप्प राहणे बोलण्यासारखेच आहे, असे कायदा सांगतो.

मी वकील नाही. हा घोडा मला साठीनंतर भेटला, तोही एक जुनी शिडाची होडी विकत घ्यायची होती म्हणून. व्यवहारात गप्प राहण्याचा अधिकार कुणाला, किती आणि कुठपर्यंत, हा प्रश्न त्या होडीने माझ्यासमोर आणला. होडी आता घरी आहे. प्रश्नाचे थोडे उत्तर मिळाले आहे, थोडे नाही. दोन्ही इथे मांडतो.

भिलाईहून कुठल्याही समुद्राला रस्त्याने जायचे तर पाचशे किलोमीटरांहून अधिक अंतर पडते. तेव्हा भिलाईत होडी कशाला, हे मला सगळ्यांनी विचारून झाले आहे. वडील १९५८ साली कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावातून इथे आले. पहिली भट्टी तेव्हा उभी राहत होती; ती १९५९ च्या फेब्रुवारीत पेटली. रशियन इंजिनिअरांबरोबर मोडक्या हिंदीत बोलणारे वडील घरात मात्र वाऱ्याला खारा वारा, मतलई वारा अशी नावे देत. त्यांनी शिडाची होडी पुन्हा कधी पाहिली नाही. माझी सगळी नोकरी कारखान्यातच झाली. हौसेचे कारण एवढेच, याहून मोठे काही नाही. आणि पाणी इथे आहेच. ज्या पाण्यावर कारखाना चालतो ते शंभर वर्षांहून जुन्या तांदुळा धरणातून येते. धमतरीजवळ गंगरेल आहे. वारा तिथेही वाहतो.

शोधायला लागलो तेव्हा मनात एकच जात होती, एंटरप्राइज. इंग्रज आराखडाकार जॅक होल्ट यांनी १९५६ साली 'न्यूज क्रॉनिकल' या वृत्तपत्राच्या आश्रयाने ती आखली. लांबी चार मीटरच्या किंचित वर, माणसे दोन, शिडे निळी. प्लायवुडचे सपाट तक्ते कोनात जोडून तळ आणि बाजू होतात, त्यामुळे हौशी सुताराला ती घरच्या अंगणात बांधता यावी, हाच मुळात हेतू होता. भारतात सैन्यदलांच्या आणि नौकानयन क्लबांच्या धक्क्यांवर या होड्यांवर कित्येक पिढ्या शिकल्या. आता फायबरचा जमाना आहे. लाकडी एंटरप्राइज कुठल्या तरी शेडमध्ये, ताडपत्रीखाली, मालकाच्या आठवणीत पडून असते. जुनी होडी घेणे हा काही निव्वळ वेडेपणा नाही. भारतीय लष्कराच्या अभियंत्यांनी १९८५ ते १९८७ मध्ये ज्या 'तृष्णा'तून पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती नौकाही इंग्लंडमध्ये घेतलेली, आधी दुसऱ्याने वापरलेलीच होती.

पण जुने लाकूड घेणे म्हणजे न दिसणारे काही तरी घेणे. प्लायवुड वरून सडत नाही; ते कडेने, जिथे थरांची टोके उघडी पडतात तिथून पाणी पिते. बुरशीला ओल लागते, आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा साचलेले पावसाचे पाणी लाकडाचा जास्त नाश करते. म्हणून खरी जागा तळाची नसते. मागच्या फळीचे खालचे कोपरे, डोलकाठीचा पाया, पाण्यात खाली सोडायच्या मधल्या पात्याचे खोके जिथे तळाला जुळते तो सांधा, आणि जिथे वारा पोचत नाही अशा बंद कप्प्यांचे आतले अंग, या त्या जागा. हातोडीच्या लाकडी दांड्याने वाजवत जायचे. निरोगी प्लायवुड टणक बोलते, थर सुटलेले भद्द बोलते. शंका आली तिथे दाभण टेकवायचे. पितळी स्क्रू खरवडून बघायचा. आतून गुलाबी दिसला तर त्यातले जस्त गेले आहे आणि तो नुसता नावाला उभा आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे, रंग नवा असेल तर सावध व्हायचे.

हे मला फार अवघड गेले नाही, कारण माझी नोकरी हीच होती. प्लेट मिलमधून निघालेल्या पोलादी प्लेटच्या पोटात काय आहे, ते न फोडता ओळखायचे. ध्वनिलहरी आत सोडायच्या आणि परत येणारा पडसाद वाचायचा. विक्रांत या विमानवाहू नौकेसाठी जे खास पोलाद देशात तयार झाले, त्यात भिलाईच्या प्लेटांचाही वाटा होता. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये ती नौदलात दाखल झाली तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले होते. त्या कामात गप्प राहण्याची सोयच नसते. प्रत्येक प्लेटवर ती ज्या वितळणीतून आली तिचा क्रमांक ठोकलेला असतो, आणि त्या क्रमांकाचा दाखला मालाबरोबर जातो. ग्राहकाने विचारले नाही म्हणून तडा लपला, असे तिथे होत नाही. दोष सांगणे हे तिथे सद्गुणात मोजत नाहीत, ती कागदावरची एक ओळ असते.

बाजारात आल्यावर कळले की जगाचा बराचसा व्यवहार त्या ओळीशिवाय चालतो.

पहिली होडी एका तलावाकाठच्या शेडमध्ये होती. गाव सांगत नाही. रंग इतका ताजा की बोटाला चिकटत होता. मी दांडा वाजवत गेलो. मधल्या खोक्यापाशी आवाज बदलला. दाभण टेकवले तर ते लोण्यात गेल्यासारखे आत गेले. मालक शेजारी उभे होते. मी कायद्यातल्या तिसऱ्या 'ब'सारखे विचारले, "तळ कुठं सडलेला नाही, असं मी धरून चालू ना?"

ते म्हणाले, "साहेब, शिडं बघा. एकदम ओरिजिनल आहेत."

शिडे खरोखरच चांगली होती. मी रिकाम्या हाताने परत आलो.

या गृहस्थांचे वागणे नवे नाही. सिसेरोने ख्रिस्तपूर्व ४४ मध्ये अथेन्सला शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात घर विकणारा एक सज्जन येतो. घराचे लाकूड खराब, खोल्यांत सापकिरडे, आणि हे फक्त मालकाला माहीत. त्याने सांगायला हवे का? डायोजिनीस आणि त्याचा शिष्य अँटिपेटर या दोन स्टोइक तत्त्वज्ञांचा वाद सिसेरो मांडतो. डायोजिनीसचे म्हणणे असे की न सांगणे वेगळे आणि लपवणे वेगळे. मी तुला घ्यायला भाग पाडले नाही. तुझ्या डोळ्यांनी बघ. देवांचे स्वरूप काय हे मला कळले असले तरी ते आत्ताच तुला सांगायला मी बांधलेला नाही. मग गव्हाच्या भावाचे का सांगू? अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवणे हा जर अपराध असेल, तर जाणूनबुजून कुणाला चुकीच्या वाटेवर जाऊ देणे त्याहून वाईट आहे.

आपल्याकडचा व्यवहार दोन्ही बाजूंनी बोलतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, हेही आपणच म्हणतो; आणि बैलबाजारात दात बघू देणे, चालवून दाखवणे, हेही आपलेच. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात खरेदी-विक्रीनंतर पश्चात्ताप झाला तर दहा दिवसांत सौदा फिरवण्याची मुभा आहे. बाजारात सगळे सांगितले जाणार नाही हे जणू गृहीत धरून दिलेली ती सवलत आहे.

आजचा कायदा पाहिला तर आणखी गंमत. माल विकताना दर्जाची हमी आपोआप मिळत नाही, गिऱ्हाइकाने सावध राहावे, हे १९३० च्या माल विक्री कायद्याचे मूळ सूत्र, अपवाद पुष्कळ असले तरी. करार कायद्यातही, साध्या चौकशीने जे कळले असते ते न कळल्याचा दोष नुसत्या गप्प बसलेल्यावर टाकता येत नाही. पण तीच होडी विमा कंपनीकडे नेली की चित्र उलटते. १९६३ च्या सागरी विमा कायद्यानुसार तो करार परम सद्भावाचा. विमा उतरवणाऱ्याला माहीत असलेली प्रत्येक महत्त्वाची गोष्ट न विचारता सांगावी लागते. लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी १७६६ सालीच कारण सांगून ठेवले आहे: धोका मोजायला लागणारी माहिती बहुतेक एकाच बाजूच्या डोक्यात असते, आणि दुसऱ्याला तिच्यावरच विसंबावे लागते. म्हणजे एकाच सडक्या खोक्याबद्दल विमा कंपनीला सांगावे लागते, आणि त्यात बसून पाण्यावर जाणाऱ्या माणसाला सांगावे लागत नाही. पैशाला जे मिळते ते जिवाला मिळू नये, हे मला काही पटवून घेता आलेले नाही.

इथपर्यंत प्रश्न सोपा होता, कारण त्यात मी गिऱ्हाईक होतो आणि गप्प राहणारा दुसरा. दुसऱ्या होडीने बाजू बदलली.

ती पुण्यात होती, एका जुन्या बंगल्याच्या मागच्या अंगणात. मालकीणबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. होडी त्यांच्या यजमानांनी स्वतः बांधलेली. "हे गेल्यापासून नऊ वर्षं अशीच झाकून आहे," त्या म्हणाल्या. "आधी एक जण येऊन गेले. म्हणाले, काकू, पार सडलीय, जाळायच्या लायकीची. बारा हजार देतो, तेसुद्धा माझ्या हौसेपायी. तुम्ही लांबून आलात, तुम्ही पंधरा द्या. अंगण तरी मोकळं होईल."

मी ताडपत्री काढली. होडी उलटी ठेवलेली, खाली विटांचे दोन कट्टे, मधून वारा खेळता. बंद कप्प्यांची झाकणे काढून ठेवलेली, म्हणजे आत ओल कोंडू नये. ज्याने हे केले त्याला लाकूड कळत होते. तासभर वाजवत फिरलो. मागच्या फळीच्या उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढी सड होती. बाकी सगळी होडी टणक बोलत होती. वल्ह्याच्या कड्या आणि डोलकाठीचे सामान कांशाचे, शिडे जुनी पण शिवण शाबूत. अशा होडीसाठी मी घरून निघताना चाळीस हजार बाजूला काढून आलो होतो, आणि ते जास्त आहेत असे मला वाटले नव्हते.

म्हणजे पंचवीस हजारांचा फरक, आणि तो फरक कशाने पडला होता तर एका खोट्या वाक्याने, जे मी बोललो नव्हतो. मला फक्त गप्प राहायचे होते. कायद्याच्या घोड्यासारखे. उलट हा घोडा तर उलटा होता: खोड असलेला घोडा धडधाकट म्हणून नाही, तर धडधाकट घोडा खोडीचा समजून विकला जात होता, आणि गप्प राहणारा विकत घेणारा होता.

मी बाईंना म्हटले, उद्या सकाळी येतो.

रात्री मेहुण्याचा फोन झाला. तो दुर्गला प्लायवुड आणि फर्निचरच्या सामानाचा धंदा करतो. माणूस सरळ आहे. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "भाऊजी, तुम्ही खोटं बोललात का? नाही. सडलीय असं तुम्ही म्हणालात का? नाही. तीस वर्षं कान तयार केलात ते फुकट केलेत का? त्या कानाचे पैसे तुम्हाला मिळाले तर त्यात चोरी कसली?"

या म्हणण्याला खिजगणतीत न धरणे अप्रामाणिक होईल. अमेरिकन कायदेपंडित अँथनी क्रॉनमन यांनी १९७८ मध्ये जवळजवळ हेच मांडले: जी माहिती माणसाने कष्टाने, खर्च करून मिळवली, तिचा फायदा त्याला घेऊ दिला नाही तर उद्या कुणी माहिती मिळवण्याच्या फंदातच पडणार नाही. सहज कानावर पडलेल्या गोष्टीची बाब वेगळी. इंग्लंडमध्ये १७८८ साली लॉर्ड थर्लो यांनी याचे जुने उदाहरण दिले होते. दुसऱ्याच्या जमिनीखाली खाण आहे हे घेणाऱ्याला माहीत आहे, मालकाला नाही. घेणाऱ्याने न सांगता जमीन घेतली तर ती फसवणूक नाही.

खाणीचे उदाहरण भिलाईच्या माणसाला पुस्तकी वाटत नाही. आमचे लोखंड दल्ली-राजहराच्या डोंगरांतून येते. भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले प्रमथनाथ बोस यांनी १८८७ मध्ये तिथल्या लोहखनिजाची नोंद केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोराबजी टाटा नागपूरच्या संग्रहालयातला भूगर्भीय नकाशा पाहून या भागात आले, हे प्रसिद्ध आहे. कारखाना पुढे साकचीला झाला आणि राजहरा अर्ध्या शतकानंतर भिलाईच्या वाट्याला आले. बोस यांनी आपले ज्ञान छापले, ते भिंतीवर टांगले गेले. ते कुणापासून लपवलेले नव्हते. पण भिंत नागपूरला होती आणि डोंगराखालची माणसे डोंगराखाली. मध्य भारतातले अगरिया पिढ्यानपिढ्या दगडातून लोखंड गाळत आले होते, तेव्हा दगडात लोखंड आहे हे इथे कुणाला नवे नव्हते. नवे होते ते एवढेच, की या दगडाची दूरच्या कुणाला किती गरज आहे. सौद्यात बहुधा हीच माहिती एका बाजूला असते आणि दुसऱ्या बाजूला नसते.

तरीही मेहुण्याचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. शोधणाऱ्याला मोबदला मिळावा. बोस नसते तर नकाशा नसता. पण त्या अंगणात मी काय शोधले होते? होडी टणक ठेवली ती बाईंच्या यजमानांनी, विटा रचून आणि झाकणे काढून. माझ्या कानाने तिच्यात एका खिळ्याचीही भर घातली नव्हती. मी उद्या ती दुरुस्त केली, चालवली, वाढीव भावाने विकली, तर त्या वाढीत माझे श्रम आहेत आणि ती माझी. मात्र पंधरा आणि चाळीस यांच्यातला फरक माझ्या ज्ञानातून येत नव्हता, तो त्यांच्या अज्ञानातून येत होता. आणि ते अज्ञान आपोआप आलेले नव्हते. कुणीतरी ते त्यांच्या अंगणात आणून ठेवले होते. मी गप्प राहिलो असतो तर मी खोटे बोललो नसतो हे खरे, पण दुसऱ्याने सांगितलेल्या खोट्याचे पैसे मीच घेतले असते. बारा हजार देणारा जे करू शकला नाही ते त्याच्याच शब्दांच्या जोरावर मी पुरे केले असते.

शोधता शोधता आणखी एक गोष्ट हाती लागली. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, कलम ५५ मध्ये, जमीन किंवा घर विकणाऱ्याने लपलेले दोष सांगितलेच पाहिजेत असे आहे. आणि त्याच कलमात विकत घेणाऱ्यावरही एक बंधन आहे. विकणाऱ्याचा हक्क त्याला वाटतो त्याहून मोठा आहे, त्याने किंमत बरीच वाढते, आणि हे त्याला ठाऊक नाही असे मानायला जागा आहे, तर घेणाऱ्याने ते सांगावे. हे हक्काबद्दल आहे, जमिनीखालच्या खाणीबद्दल नाही, आणि जमिनीबद्दल आहे, घोड्या-होडीबद्दल नाही. तरी दहा वर्षांच्या अंतराने लिहिलेल्या दोन कायद्यांपैकी एकाने घेणाऱ्याच्या तोंडावरचे बोट काढले, हे मला महत्त्वाचे वाटते. असे बोलणे ही साधुसंतांची बाब आहे, व्यवहारात ते चालत नाही, हे मग म्हणता येत नाही. घराच्या व्यवहारात ते सक्तीचे आहे.

सिसेरोकडे याचेही उदाहरण आहे. क्विंटस स्केव्होला जमीन घ्यायला गेला आणि म्हणाला, एकच पक्का भाव सांगा. विकणाऱ्याने सांगितला. स्केव्होला म्हणाला, माझ्या मते ती याहून अधिक मोलाची आहे, आणि त्याने वर एक लाख सेस्टर्स दिले. हे सज्जनाचे वागणे हे सगळे कबूल करतात, असे सिसेरो लिहितो, पण शहाण्याचे वागणे आहे असे म्हणत नाहीत. सज्जन एक आणि शहाणा दुसरा अशी फाळणी केली, हीच त्याच्या मते सगळ्या अनर्थाची सुरुवात.

पत्नीला फोन केला तेव्हा ही सगळी नावे मी तिला सांगितली नाहीत. आकडे सांगितले, कारण पैसे दोघांचे होते. ती म्हणाली, "सांगायचं तर सांगाच. पण अहो, चाळीस हा आकडा कुणाचा? तुमचाच ना? आधीच्यानं बारा सांगितले, तुम्ही चाळीस सांगाल. दोन्ही वेळा त्यांनी घेणाऱ्याच्याच तोंडाकडे बघायचं?"

याचे उत्तर स्केव्होलाकडे नव्हते. त्याने उदारपणे एक लाख दिले, पण भाव त्यानेच ठरवला. खरे सांगणाऱ्याच्या हातातही सत्ता उरतेच, आणि ती त्याला दिसत नाही, कारण आपण चांगले वागतो आहोत या समाधानात तो असतो.

सकाळी मी बाईंना तीन गोष्टी सांगितल्या. होडी सडलेली नाही, एक कोपरा सोडून. मी चाळीस हजार द्यायला तयार आहे, आणि ट्रकचे भाडे माझे. पण माझ्या शब्दावर जाऊ नका. नौकानयन शिकलेल्या, होडी घ्यायची नसलेल्या कुणाला तरी दाखवा, मी चार दिवस थांबतो.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला ह्यात काय मिळतं?"

संध्याकाळी त्यांच्या पुतण्याचा फोन आला. त्याचा सूर नम्र होता, पण प्रश्न सरळ. होडीत काही मौल्यवान सापडले आहे का? लाकूड चंदनाचे वगैरे आहे का? काय दडवताय? पंधरा मागितल्यावर चाळीस देणारा माणूस त्याला बारा देणाऱ्यापेक्षा जास्त संशयास्पद वाटत होता, आणि त्याचे चुकत होते असे मी म्हणणार नाही. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल हेच दाखवले होते. विकणाऱ्याला माल ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सगळ्यांनाच वाईट धरून कमी भाव देतो, चांगल्या मालाचे मालक मग बाजारातून निघून जातात आणि वाईट माल उरतो. त्यात मी एवढेच जोडीन की माल जातो त्याच्याबरोबर भाषाही जाते. सगळे गप्प राहतात अशा बाजारात जो बोलतो त्याचे बोलणे ही नवी युक्ती वाटते. गप्प राहणाऱ्याने नुकसान एका गिऱ्हाइकाचे केलेले नसते. पुढे खरे बोलणाऱ्या प्रत्येकाच्या शब्दाची किंमत त्याने उतरवलेली असते.

तिसऱ्या दिवशी पुतण्याने एका निवृत्त प्रशिक्षकाला आणले. त्यांनी होडी वाजवली, मीही दूर उभा राहून ऐकले. त्यांनी किंमत बेचाळीस ते पंचेचाळीस सांगितली. बाई म्हणाल्या, बेचाळीस द्या. मी दिले. दोन हजारांचा तो फरक मला चुकता करावा लागला याचे वाईट वाटले नाही असे नाही. पण पत्नीचा प्रश्न किती नेमका होता हे त्या दोन हजारांनी दाखवले. मी माझ्या मते प्रामाणिक आकडा सांगितला होता, आणि तोही माझ्याच बाजूला थोडा झुकलेला होता.

होडी नागपूरमार्गे ट्रकमधून आली. मागच्या फळीचा कोपरा कापून काढला, सातशे दहा क्रमांकाच्या मानकाचे मरीन प्लाय मेहुण्याच्या दुकानातून आणून तिरप्या सांध्याने बसवले. त्याने पैसे घेतले, सवलतही दिली, आणि ती किती दिली ते बोलून दाखवले. परवानगीचे कागद अजून हलत आहेत. दरम्यान मी एका वहीत होडीचा दाखला लिहितो आहे: कुठला तुकडा कधी बदलला, कुठला स्क्रू गुलाबी निघाला, कुठे आवाज किंचित बदलतो पण दाभण आत जात नाही. उद्या मी किंवा माझ्यामागे पत्नी ही होडी विकेल तेव्हा वही होडीबरोबर जाईल. विचारले तर सांगू, ही वेळच येऊ नये.

राहिली ती पहिली होडी. अंगणातल्या सौद्यात कुणाला काय सांगायचे ते ठरवता आले, कारण दोघेही समोरासमोर होते. तलावाकाठच्या त्या होडीशी माझा काहीच सौदा झाला नाही. पण तिचे खोके सडले आहे हे मला ठाऊक आहे, आणि जो कुणी ती घेईल तो मला ठाऊक नाही. अनोळखी माणसाला मी काय देणे लागतो?

परत आल्यावर मी मालकांना एक पत्र पाठवले होते. दाभण कुठे आणि किती आत गेले, ते मोजमापासह लिहिले, आणि दुरुस्ती कशी करता येईल तेही. फसवणुकीला जाणीव लागते. मला माहीत नव्हते, असे म्हणायची जागा त्यांना उरू नये, एवढाच माझा हेतू होता. पत्राचे उत्तर आले नाही. गेल्या दिवाळीत कळले की ती होडी विकली गेली. कुणी घेतली हे सांगणाऱ्यालाही माहीत नव्हते. मी मालकांना फोन केला. त्यांनी घेणाऱ्याचा पत्ता दिला नाही, आणि न देण्याचा त्यांना अधिकार आहे. माझ्या पत्राची एक प्रत त्यांना पुन्हा पाठवली आहे, घेणाऱ्याला द्यावी अशी विनंती करून. ती पोचेल की नाही ते त्यांच्यावर आहे. माझ्या बाजूने एवढ्यावर संपते का, हे मला अजून ठरवता आलेले नाही.